मोजलेल्या उड्या : जुनाट गुडघेदुखी असलेल्या एका व्हॉलीबॉल खेळाडूचे प्रकरण

या प्रकरणातील खेळाडू वीस वर्षांची आहे. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची ही मुलगी शिक्षणासाठी नाशिकमध्ये वसतिगृहात राहते, महाविद्यालयाच्या संघातून खेळते आणि उजव्या हाताने, चार नंबरच्या, म्हणजे जाळीजवळ डावीकडच्या, जागेवरून आक्रमण करते. उंची १७२ सेंटीमीटर, वजन ६१ किलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आली, तेव्हा तिचा डावा गुडघा अडीच वर्षांपासून दुखत होता. ओळख पटू नये म्हणून तिचे नाव, गाव आणि महाविद्यालय येथे दिलेले नाही.

तिने आणलेल्या फाईलमध्ये एक एक्स-रे, एक एमआरआय आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या, आणि तिन्ही चिठ्ठ्यांवरचा सल्ला एकच होता : विश्रांती. पहिल्यांदा तीन आठवडे, दुसऱ्यांदा सहा आठवडे आणि तिसऱ्यांदा पूर्ण दोन महिने तिने खेळ बंद ठेवला होता. प्रत्येक वेळी दुखणे थांबले, प्रत्येक वेळी ती मैदानावर परतली आणि दहा-बारा दिवसांत गुडघा पुन्हा पहिल्यासारखाच दुखू लागला. विश्रांती संपल्यावर काय करायचे, हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणाची सगळी अडचण त्या न लिहिलेल्या ओळीत होती. विश्रांतीच्या काळात दुखणे शमते हे खरे. पण त्याच काळात मांडीचा स्नायू बारीक होतो, कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची, भार सोसण्याची ताकद उतरते, आणि परतल्यावर समोर उभा असतो तो आधीइतकाच, कधी आधीपेक्षाही जड सराव. प्रत्येक फेरीत ही मुलगी आधीपेक्षा कमकुवत पाय घेऊन त्याच सरावात उतरत होती.

तपासणी

दुखते कुठे, ते एका बोटाने दाखव, असे मी तिला सांगितले. तिने क्षणभरही विचार न करता तर्जनी गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर ठेवली आणि ती तिथून हलवली नाही. या एका कृतीला निदानात मोठे महत्त्व आहे. वाटीमागचे दुखणे असलेली माणसे बहुधा तळहात गुडघ्यावर फिरवतात, त्यांना नेमकी जागा सापडत नाही. जिना उतरताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर त्यांचे दुखणे वाढते. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड कंडरेचे, म्हणजे पटेलर टेंडनचे, दुखणे मात्र एका बिंदूवर असते, उडी आणि धावेच्या भाराबरोबर लगेच जाणवते, भार थांबला की ओसरते आणि रात्री झोपेत सहसा त्रास देत नाही. सरावाच्या सुरुवातीला दुखते, अंग गरम झाले की कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोके वर काढते, हा त्याचा ओळखीचा क्रम तिच्यातही होता. ‘मॅडम, खेळताना काहीच वाटत नाही, पण सकाळी वसतिगृहाचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो,’ असे ती म्हणाली. गुडघ्याला सूज नव्हती, तो अडकत नव्हता, लचकत नव्हता, आणि कूर्चा व लिगामेंट यांच्या चाचण्या निर्दोष होत्या.

एमआरआयमध्ये कंडरेचा वरचा भाग जाड झालेला आणि त्याची रचना विस्कटलेली दिसत होती. अहवालातील ‘आंशिक फाटणे’ हे शब्द वाचून तिच्या घरचे फार घाबरले होते, आणि ती भीती काढण्यात माझी पहिली भेट बरीचशी खर्ची पडली. कसलेही दुखणे नसलेल्या व्हॉलीबॉल खेळाडूंच्या कंडरेतही असे बदल पुष्कळदा आढळतात, आणि दुखणे पूर्ण थांबल्यानंतरही ते चित्रात तसेच राहू शकतात. म्हणून उपचाराची दिशा चित्रावरून ठरवायची नाही. पाय किती भार सोसतो आणि दुसऱ्या दिवशी काय म्हणतो यावरून ठरवायची, हे मी तिच्या वडिलांना समजावून सांगितले.

भार सोसण्याची चाचणी उतरत्या फळीवर घेतली. टाच वर आणि बोटे खाली अशा २५ अंशांच्या फळीवर एका पायावर उभे राहून अर्धी बैठक मारली की कंडरेवरचा ताण सपाट जमिनीपेक्षा बराच वाढतो. अशी फळी बाजारातून आणण्याची गरज नसते. आमच्या ओळखीच्या सुताराने ती फूटभर लांबीच्या प्लायवूडची करून दिली आहे. मागची बाजू पाच इंच उचलली की कोन जवळपास २५ अंशांचा होतो. डाव्या पायाच्या बैठकीला तिने दहापैकी सात इतके दुखणे सांगितले, उजव्याला शून्य. लेग प्रेसवर, म्हणजे पायाने वजन ढकलायच्या यंत्रावर, उजव्या पायाने ती ८० किलो आठ वेळा ढकलू शकत होती, डाव्याने ५५ किलो. व्हिसा-पी या प्रश्नावलीत, जिच्यात १०० गुण म्हणजे निर्वेध गुडघा, तिला ४८ गुण पडले.

आणखी एक गोष्ट सापडली, जी तिने सांगितली नव्हती, कारण गुडघ्याशी तिचा संबंध असेल असे तिला वाटले नव्हते. अकरावीत असताना तिचा डावा घोटा जोरात मुरगळला होता. पायाचा अंगठा भिंतीपासून दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अशी एक साधी चाचणी असते. उजवा पाय भिंतीपासून ११ सेंटीमीटर अंतरावर असताना तिचा गुडघा टेकत होता, डावा मात्र ६ सेंटीमीटरवर. घोटा पुरेसा वाकत नसेल तर उतरतानाचा धक्का पोटरीत आणि घोट्यात कमी जिरतो आणि गुडघ्याच्या वाट्याला जास्त येतो. उजव्या हाताने स्मॅश मारणारी खेळाडू शेवटच्या पावलाला डावा पाय पुढे रोवून वेग अडवते आणि चेंडू डोक्यामागे गेला असेल तर बहुतेकदा त्याच डाव्या पायावर उतरते. म्हणजे ताठ घोटा आणि सर्वाधिक भार, दोन्ही एकाच बाजूला होते.

एका सरावातील उड्या

उपचार सुरू करण्याआधी मला तिचा नेहमीचा सराव पाहायचा होता. रोज किती उड्या होतात, असे विचारल्यावर तिने ‘साठ-सत्तर’ असे उत्तर दिले होते. बाहेरचे मैदान पावसाने चिखल झाल्यामुळे सराव पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर पातळ मॅट टाकून चालू होता. मी पंचवटीत रामकुंडाजवळच्या दुकानात मिळते तसले, बोटात घालायचे जपाचे काउंटर घेऊन एका कोपऱ्यात बसले आणि दोन्ही पाय जमीन सोडतील ती प्रत्येक उडी मोजली, मग ती कशासाठीही मारलेली असो.

दोन तासांत १६४ उड्या झाल्या. त्यांपैकी अंग गरम करताना ३८, स्मॅशच्या ६१, ब्लॉकच्या, म्हणजे जाळीवर हात उंचावून चेंडू अडवण्याच्या, ४४ आणि उडी मारून केलेल्या सर्व्हिसच्या २१. तिने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. तिच्या लेखी स्मॅशची तेवढीच उडी होती, बाकीच्या हिशेबात नव्हत्या. असा सराव आठवड्यातून सहा दिवस चालत होता. उडी मारून उतरताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या पाच पट किंवा त्याहून अधिक ताण येऊ शकतो, म्हणजे या मुलीच्या बाबतीत तीनशे किलोंहून जास्त. त्याला आठवड्याच्या हजारभर उड्यांनी गुणले की औषध, पट्टा, बर्फ आणि नी-कॅप यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आपोआप उमगते.

येथे थोडे विषयांतर करून या दुखण्याविषयी सांगायला हवे. याला ‘जंपर्स नी’ हे नाव १९७३ पासून आहे. नॉर्वेतील वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ४५ टक्के व्हॉलीबॉलपटूंना हे दुखणे सोसावे लागत असल्याचे आढळले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा जास्त दिसते, आणि कदाचित त्यामुळेच मुलींच्या तक्रारीकडे ‘अशक्तपणा असेल’ म्हणून पाहिले जाते, असा माझा अनुभव आहे. नॉर्वेतीलच तरुण खेळाडूंच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसली : ज्यांना पुढे हे दुखणे झाले, ती मुले आधीपासूनच इतरांपेक्षा उंच उडणारी होती. आमची खेळाडूही संघात सर्वांत उंच उडते. उंच उडणारीला लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, जास्त चेंडू देतो, सामन्यात तिला बाहेर बसवले जात नाही, सरावातही तिच्याच रांगेत चेंडू जास्त पडतात. अशा रीतीने जी उडी तिचे बळ असते, तीच तिच्या गुडघ्यावर सर्वांत जास्त भार टाकते. हिला अशक्त म्हणणे केवळ चुकीचे नाही, अन्यायाचे आहे.

योजना आणि पहिले नऊ आठवडे

प्रशिक्षक सरांशी बोलताना मी खेळ बंद करा असे म्हटले नाही. पहिल्या टप्प्यात स्मॅश, ब्लॉक आणि उडीची सर्व्हिस थांबवायची. मात्र पासिंग, मैदानी बचाव, उभ्याने सर्व्हिस आणि संघाबरोबरचा वावर चालू ठेवायचा, अशी मागणी केली. सर आधी नाराज झाले, कारण ऑक्टोबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. मी त्यांना २००५ साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतील एक अभ्यास सांगितला. त्यात व्हॉलीबॉलपटूंना हंगाम चालू असतानाच, नेहमीचा सराव आणि सामने न थांबवता, उतरत्या फळीवरच्या बैठकांचा बारा आठवड्यांचा व्यायाम दिला गेला आणि गुडघ्यात काहीही सुधारणा झाली नाही. व्यायाम वाईट होता असे नाही, कारण इतर परिस्थितीत त्याचा फायदा झालेला आहे. आधीच भरलेल्या ताटात आणखी वाढल्यासारखे ते झाले होते. सरांना हे पटले, आणि त्यानंतर त्यांनी जे सहकार्य केले त्याची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

पहिले तीन आठवडे न हलता धरून ठेवण्याचे व्यायाम दिले. लेग एक्स्टेंशनच्या, म्हणजे बसून नडगीने वजन उचलायच्या, यंत्रावर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून, जड वजन ४५ सेकंद धरायचे, दोन मिनिटे थांबायचे, असे पाच वेळा. ऑस्ट्रेलियातील २०१५ सालच्या एका छोट्या अभ्यासात सहा व्हॉलीबॉलपटूंचे दुखणे या पद्धतीने लगेच कमी झाले आणि किमान पाऊण तास कमी राहिले. पुढच्या अभ्यासांत असा ठळक परिणाम सर्वांमध्ये दिसलेला नाही, पण या मुलीला तो मिळाला. फळीवरच्या बैठकीचे सातचे दुखणे व्यायामानंतर चारवर यायचे, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे गुडघ्यावर जड वजन घेता येते, हा विश्वास तिला अडीच वर्षांनी पहिल्यांदा आला.

चौथ्या आठवड्यापासून जड आणि सावकाश व्यायाम सुरू झाला : लेग प्रेस, खांद्यावर बार घेऊन बैठका आणि एका पायाच्या बैठका, आठवड्यातून तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून. वेग ठरलेला होता. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. सुरुवातीला पंधरा वेळा जमेल एवढे वजन, मग दर एक-दोन आठवड्यांनी वजन वाढवत आणि आवर्तने कमी करत सहा ते आठपर्यंत. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी फळीवर डाव्या पायाची एक बैठक मारायची आणि आकडा वहीत लिहायचा. आदल्या सकाळपेक्षा तो दोनने चढला तर कालचा भार जास्त झाला, असा अर्थ घ्यायचा. सकाळच्या या एका बैठकीवर मी माझ्या सगळ्या चाचण्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवते. घोट्यासाठी भिंतीजवळचे ताण आणि वजन घेऊन टाचा उचलणे रोज चालू होते.

नवव्या आठवड्याच्या शेवटी ती डाव्या पायाने ९० किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळपास दीडपट, आठ-आठच्या चार फेऱ्यांत ढकलू लागली. तिरक्या लेग प्रेसवरचा आकडा हा खरा भार नसतो, यंत्रागणिक तो बदलतो. तरी त्याच यंत्रावर पूर्वी ५५ होता, एवढे पुरेसे होते. फळीवरचे दुखणे दोनवर स्थिर झाले होते. उड्यांचा टप्पा सुरू करण्यासाठी माझ्या या दोनच अटी होत्या.

उड्या पुन्हा शिकवताना

बरीच माणसे येथेच थांबतात. पायात ताकद आली, दुखणे कमी झाले, आता जा खेळायला, असे सांगितले जाते. पण सावकाश उचललेले ९० किलो आणि एका निमिषात आलेला तीनशे किलोंचा झटका यांत कंडरेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. उडीत कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि परत देते. हे काम तिला हळूहळू करायला लावल्याशिवाय तिची त्याला तयारी होत नाही. शिवाय जोरदार भारानंतर कंडरेत पहिला दिवस-दीड दिवस झीज वरचढ असते आणि भरण नंतर होते. म्हणून उड्यांचा दिवस सलग दोनदा घ्यायचा नाही. आम्ही तीन दिवसांचे चक्र ठेवले : एक दिवस उड्या, एक दिवस हलका, एक दिवस जड वजन.

पहिल्या दिवशी फक्त ३० उड्या होत्या आणि त्याही दोन्ही पायांवर, जागच्या जागी, वीतभर उंचीच्या. सोबत २० सेंटीमीटरच्या पायरीवरून उतरून थांबायचा सराव. ती पहिल्यांदा उतरली तेव्हा शेडच्या सिमेंटवर ‘थाप’ असा आवाज झाला. टाच टेकतच नव्हती आणि गुडघे जवळजवळ सरळ होते. ताठ घोटा आणि अडीच वर्षांची भीती, दोन्हींनी मिळून तिला तसे उतरायला शिकवले होते. गुडघा असा ठेव, पाय तसा टाक, असे मी काही सांगितले नाही. ‘शेजारच्या खोलीत झोपलेलीला ऐकू जाणार नाही, अशी उतर,’ एवढेच म्हटले. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात आवाज निम्मा झाला. बोटे, मग टाच, मग गुडघे आणि कुल्ले एकापाठोपाठ वाकताना दिसू लागले. माझ्या अनुभवात पायाच्या कोनांविषयी केलेल्या सूचनांपेक्षा आवाजाची सूचना मुलांना लवकर कळते.

त्यापुढे उंची वाढवली, मग वेग, मग संख्या, आणि एका वेळी यांतली एकच गोष्ट. जागच्या उड्यांनंतर पूर्ण ताकदीची उभी उडी, नंतर ब्लॉकसारख्या लागोपाठच्या उड्या, नंतर दोन पावलांचा आणि मग पूर्ण धावेचा स्मॅश, पण चेंडूशिवाय. चेंडू सर्वांत शेवटी दिला, कारण चेंडू दिसला की खेळाडू गुडघा विसरतो. मागच्या बाजूला गेलेल्या चेंडूवर एका पायाने उतरण्याचा सराव तर बाराव्या आठवड्यापर्यंत केलाच नाही.

तेराव्या आठवड्यातील बिघाड

तेराव्या आठवड्यात तिला संघाच्या सरावात आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी ४५ उड्यांची परवानगी दिली. दुसऱ्या सरावानंतरच्या सकाळी वहीत दोनच्या जागी सहा हा आकडा आला. ती रडतच आली. आपण सगळे नियम पाळले, तरी गुडघा पुन्हा गेला, असे तिला वाटत होते.

आम्ही सराव मिनिटामिनिटाने आठवून लिहून काढला, तेव्हा उलगडा झाला. तिने मोजून ४५ स्मॅश मारले होते. त्याशिवाय ब्लॉकच्या आणि सर्व्हिसच्या मिळून सत्तरेक उड्या झाल्या होत्या, आणि त्या तिने मोजल्याच नव्हत्या. जुलैमध्ये ‘साठ-सत्तर’ या उत्तरात मी हीच गोष्ट स्वतः पाहिली होती, तिचा आकडा आणि माझा आकडा यांतले अंतर कशाचे हे मला माहीत होते. तरीही परवानगी देताना मी ‘४५ उड्या’ एवढेच म्हटले आणि उडी म्हणजे काय, हे तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले नाही. ही चूक पूर्णपणे माझी होती, आणि तिला मी तसे स्पष्ट सांगितले. मैदानावर ‘उडी’ म्हणजे स्मॅश, हा खेळाडूंच्या बोलीतला अर्थ आहे. उपचार करणाऱ्याने तो गृहीत धरून चालू नये.

त्याच आठवड्यात संघनिवड होती. स्पर्धेपुरते गुडघ्यात इंजेक्शन देता येईल का, असे तिच्या वडिलांनी विचारले. पोटच्या मुलीचे वर्ष वाया जाताना पाहणाऱ्या बापाचा तो प्रश्न होता आणि त्याला नुसते ‘नाही’ म्हणून चालणार नव्हते. मी त्यांना सांगितले की डेन्मार्कमधील २००९ सालच्या एका अभ्यासात स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि जड वजनाचा सावकाश व्यायाम यांची तुलना झाली होती. बारा आठवड्यांपर्यंत दोन्हींचा गुण सारखा दिसला, पण सहा महिन्यांनी इंजेक्शनचा गुण उतरला आणि व्यायामाचा टिकून राहिला. शिवाय दुखणे दडपून त्याच गुडघ्यावर दिवसाला दोन-दोन सामने खेळले, तर कंडरेला जे सांगायचे आहे ते ऐकूच येणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ताई, वेलीला झेपंल तेवढेच घड ठेवावे लागतात. जास्त ठेवले की माल फुगत नाही आणि पुढच्या सालाची काडीपण बिघडते.’ त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. ती स्पर्धा ती खेळली नाही. हा निर्णय तिला फार लागला, आणि आजही तिला त्याची हळहळ आहे.

बिघाडावर उपाय म्हणून पूर्ण विश्रांती दिली नाही, कारण तसे केले असते तर तीच अडीच वर्षांची फेरी चौथ्यांदा सुरू झाली असती. पाच दिवस उड्या बंद, रोज ४५ सेकंदांचे धरून ठेवण्याचे व्यायाम, आणि जड व्यायाम दोन-तृतीयांश वजनावर चालू. सहाव्या दिवशी आकडा तीनवर आला आणि उड्या पुन्हा ३० पासून सुरू केल्या. या वेळी सगळ्या प्रकारच्या मिळून ३०. जपाचे काउंटर मी तिलाच देऊन टाकले. सराव करताना ते बोटात ठेवता येत नाही, म्हणून बाहेर बसलेली एक ज्युनियर मुलगी मोजायची आणि आकडा पुरा झाला की सरांना हात दाखवायची. सर आमच्या खेळाडूला त्या क्षणी लिबेरोच्या, म्हणजे मागच्या रांगेत फक्त बचाव करण्याच्या, कामावर पाठवायचे. अडीच आठवडे मागे पडले, पण त्यानंतर मोजणीत चूक झाली नाही.

दिवाळीत ती दहा दिवस घरी होती. गावात जिम नव्हती, तेव्हा द्राक्षाचे क्रेट पिकअपला बांधायचा रुंद पट्टा तिने फाटकाच्या खांबाला बांधला, गुडघ्यांच्या मागे टॉवेलची घडी ठेवून तो दोन्ही पायांभोवती घेतला आणि मागे रेलून, नडग्या सरळ उभ्या ठेवून, बैठकीत ४५ सेकंद धरायचा व्यायाम केला. एका पायाच्या बैठकांना पाठीवर वह्यापुस्तकांनी भरलेली सॅक होती. तिच्या आईने या सगळ्याचा व्हिडिओ काढून मला पाठवला, तेव्हा पट्टा जरा वर सरकलेला दिसला. तो पोटरीच्या वरच्या भागावर घ्यायला सांगितला, बाकी सर्व नीट होते.

सामन्यांकडे परत

दिवाळीनंतर संख्या दर आठवड्याला साधारण दहा-पंधराने वाढवत नेली आणि बाविसाव्या आठवड्यात ती एका सरावात शंभर उड्यांपर्यंत पोहोचली. आम्ही तिथेच थांबलो. आठवड्यात एक दिवस शंभर, एक दिवस साठ, एक दिवस चाळीस आणि बाकीच्या दिवशी उडीविना सराव, असा आराखडा सरांनी पुढे संपूर्ण संघालाच लावला, हे मला विशेष समाधान देणारे वाटले. पावसाळा सरल्याने सराव बाहेरच्या मातीच्या मैदानावर आला होता आणि तोही फायदा होता. सिमेंटवर खेळणाऱ्यांत हे दुखणे जास्त आढळते, हे इटलीतील खेळाडूंच्या १९८४ सालच्या पाहणीपासून माहीत आहे.

डिसेंबरच्या अखेरीस, पंचविसाव्या आठवड्यात, ती पहिला पूर्ण सामना खेळली. निफाडकडच्या गावातली ती रात्रीची स्पर्धा होती, आणि त्या भागातली डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको की हॅलोजनच्या उजेडात खेळाडू स्वेटर घालून रांगेत उभे असतात. दोन सामन्यांमध्ये तासभर वेळ होता. त्यात ती बसून राहिली नाही, दर दहा मिनिटांनी टाचा उचलणे आणि हलक्या बैठका करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर आकडा तीन होता, त्यापुढच्या सकाळी एक.

सहा महिन्यांच्या शेवटी व्हिसा-पीचे गुण ८४ झाले. डाव्या आणि उजव्या पायाच्या ताकदीत फरक उरला नव्हता, डावा घोटा भिंतीच्या चाचणीत ९ सेंटीमीटरपर्यंत आला होता आणि धावेच्या उडीत तिचा हात पूर्वीइतकाच, २६८ सेंटीमीटरवर लागत होता. उडी वाढली नाही, हे मुद्दाम नमूद करते. सहा महिन्यांत तिची उडी कमी झाली नाही, हेच या टप्प्यावर पुरेसे होते. गुडघा पूर्ण बरा झाला असेही मी म्हणणार नाही. लागोपाठ सामने झाले की दोन-तीनचे दुखणे येते आणि दीड-दोन दिवसांत जाते. नेदरलँड्समधील ७६ खेळाडूंच्या २०२१ सालच्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या भाराचा व्यायाम जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरला, पण त्यातही २४ आठवड्यांनंतर निम्म्याहून कमी खेळाडू पूर्वीच्या पातळीवर खेळत होते. हे मी तिला पहिल्याच महिन्यात सांगितले होते. काही आठवड्यांच्या विश्रांतीने बरे होईल, असे सांगणाऱ्यांच्या तीन चिठ्ठ्या तिच्या फाईलमध्ये आधीच होत्या.

आठवड्यातून दोनदा जड वजनाचा व्यायाम हंगामभर चालू राहिला. एप्रिलमध्ये परीक्षेमुळे तिने तीन आठवडे मैदान सोडले. पूर्वी अशा सुट्टीनंतर ती पहिल्याच संध्याकाळी पूर्ण सरावात उतरायची. या वेळी शेवटचा पेपर झाल्यावर तिचा मला मेसेज आला, त्यात पुढच्या आठवड्याचा आराखडा तिने स्वतःच केला होता : ‘मॅडम, सोमवारी ४०, गुरुवारी ४०, ब्लॉक धरून.’